घरातली चित्रं, पुस्तकातली चित्रं
वाचकांचे प्रश्न : मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढताना

या वेळच्या पत्रांत दोन तऱ्हेचे लोक आहेत. काहींच्या घरात पिढ्यान् पिढ्या चित्रं काढली जातात आणि त्यांना पुस्तकाकडे वळायचं आहे. काहींच्या घरात कुणी कधी ब्रश धरलेला नाही, आणि त्यांना तेवढ्यावरूनच धाकधूक वाटते. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : आमचं घर कुडाळजवळचं. आजोबा चित्रकथी सादर करायचे, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन कथा सांगायचे. त्यांच्या चित्रांच्या दोन पोथ्या घरात आहेत आणि लहानपणापासून मी त्याच पद्धतीची चित्रं काढतो. एका प्रकाशकाने मुलांसाठी चित्रपुस्तक करायला सांगितलं आहे. पोथीसारखं एका प्रसंगाला एक चित्र, अशी वीस चित्रं दिली तर पुस्तक होईल का?

उत्तर : वीस चित्रांचा संग्रह होईल. पुस्तक होण्यासाठी आणखी काम करावं लागेल, आणि ते चित्र काढायला बसण्याआधीचं आहे.

पोथीतलं चित्र मुद्दाम अपुरं असतं. कथेकरी ते समोर धरतो, गातो, वाद्याच्या ठेक्यावर प्रसंग लांबवतो आणि समोरच्यांचे चेहरे बघून पुढचं चित्र कधी समोर आणायचं ते ठरवतो. वेळ त्याच्या ताब्यात असते. पुस्तकात हा माणूसच नाही. पान उलटणार आहे पाच वर्षांची मुलगी, तिला हवं तेव्हा. म्हणजे आजोबा आवाजाने जे करत होते ते तुम्हाला पानांच्या मांडणीतून करायचं आहे.

आधी पानं मोजा. मधोमध पिन मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत असतात. छपाईचा कागद वाया जाऊ नये म्हणून प्रकाशक बहुधा १६, २४ किंवा ३२ पानं ठरवतात. २४ पानांत पहिलं पान शीर्षकाचं, शेवटचं पान श्रेयनामावलीचं. मध्ये २-३, ४-५ असं करत २२-२३ पर्यंत समोरासमोरच्या पानांच्या ११ जोड्या उरतात. गोष्ट या ११ जोड्यांत बसवायची आहे, त्यामुळे वीस प्रसंगांतले नऊ गाळावे लागतील किंवा एकमेकांत मिसळावे लागतील. कुठले गाळायचे? संहिता मोठ्याने वाचा. जिथे ऐकणारा ‘मग?’ म्हणेल तिथे उजवं पान संपायला हवं. उत्तर पान उलटल्यावर डावीकडे. प्रश्न आणि उत्तर एकाच जोडीत आले, तर मूल ऐकण्याआधीच बघून मोकळं होतं.

आता एका मोठ्या कागदावर काड्यापेटीएवढे ११ आडवे चौकोन आखा आणि प्रत्येकात पेन्सिलीने नुसते आकार टाका, तपशील नको. हा कागद भिंतीवर लावून चार हातांवरून बघितलात की पोथीच्या शैलीतली अडचण लगेच दिसेल: सगळी माणसं सारख्याच अंतरावर, पूर्ण उंचीची, एका ओळीत उभी. एकेक चित्र गाणाऱ्याच्या हातात असताना हे खटकत नाही. ११ वेळा ओळीने आलं की कंटाळा येतो. यावर शैली मोडून उपाय करू नका. चित्रकथीच्या माणसाला दूरदृश्यातला छोटा माणूस करायला गेलात, तर त्याचा डोळा, नाक, मुकुट सगळंच ढासळतं. बदल संख्येत आणि मोकळ्या जागेत करा. एका जोडीत बारा जण, पुढच्या जोडीत एकटाच, बाकी पान कोरं. एका जोडीत पात्र दोन्ही पानांवर पसरेल एवढं मोठं. चित्रकथीत पार्श्वभूमी जवळजवळ नसतेच, त्यामुळे कोरी जागा या शैलीला मुळात मानवते.

दिशेकडेही लक्ष द्या. आपलं वाचन डावीकडून उजवीकडे जातं, म्हणून प्रवासाला निघालेलं पात्र उजवीकडे तोंड करून हवं. डावीकडे तोंड असलेलं पात्र अडवणारं किंवा परत फिरणारं वाटतं. पोथीत दोन पक्ष समोरासमोर उभे करायची सवय असते आणि बाणाला बाण मधोमध भिडतो. पुस्तकात नेमकी तिथे घडी येते. घडीच्या दोन्ही बाजूंना १० ते १२ मिलिमीटर पट्ट्यात चेहरा, हात किंवा कथेतली कळीची वस्तू ठेवू नका. पिनेच्या पुस्तकात थोडं निभावतं, पण पाठीला डिंक लावून बांधलेलं पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि तेवढा भाग गिळला जातो.

मजकुरासाठी जोडीचा साधारण एक तृतीयांश भाग सोडा, आणि तो पहिल्या कच्च्या चित्रातच सोडा. चित्र झाल्यावर ‘इथे अक्षरं बसवा’ म्हटलं की मजकूर पांढऱ्या डब्यात जातो, आणि ते कधीच चांगलं दिसत नाही.

राहिली आजोबांच्या पद्धतीची नक्कल करण्याची गोष्ट. मध्य प्रदेशातल्या परधान गोंडांकडे बघा. त्यांचा परंपरागत व्यवसाय बाना हे तंतुवाद्य वाजवून गाथा गाण्याचा. कागदावरची गोंड चित्रकला उभी राहिली ती १९८०च्या दशकात, पाटनगढच्या जनगढसिंह श्याम यांना भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात काम मिळाल्यानंतर. त्यांच्या हाताखाली तयार झालेले भज्जू श्याम लंडनला जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी केलेलं पुस्तक २००४ साली आलं. त्यात बिग बेनचं घड्याळ कोंबडा झालं आहे आणि भुयारी रेल्वे गांडूळ. हे घरच्या कुठल्याही भिंतीवर नव्हतं. आकार नक्षीने भरण्याची पद्धत आणि प्राण्यांतून विचार करायची सवय तेवढी घरची. तुमच्याकडच्या पोथ्यांत रामायण-महाभारताचे प्रसंग असतील. प्रकाशकाची गोष्ट एसटीच्या प्रवासाची असली, तर एसटीचा ड्रायव्हर चित्रकथीच्या डोळ्यांनी कसा दिसेल हे तुम्हालाच शोधावं लागेल. पोथीत त्याचं उत्तर नाही, आणि पुस्तकाची खरी मजा तिथेच आहे. पिंगुळीत चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे (पद्मश्री, २०२१) यांनी उभारलेलं संग्रहालय तुमच्यापासून जवळ आहे. तिथे नुसती पूर्ण चित्रं बघू नका. रेषा कुठून सुरू होते, दागिना आधी की वस्त्र आधी, हे बघा.

प्रश्न : मी वारली आहे, डहाणू तालुक्यात राहते. पुस्तकासाठी चित्रं दिली तर संपादक म्हणतात, ‘चेहऱ्यावर भाव दिसत नाहीत, डोळे-तोंड काढा.’ शिवाय पहिल्या पुस्तकात छापल्यावर पांढऱ्या रेषा तुटक आणि लालसर आल्या. काय करावं?

उत्तर : डोळे-तोंड काढू नका. संपादकांची तक्रार मात्र खोटी नाही. मुलाला पात्र ओळखू यायला हवं आणि त्याला काय वाटतंय ते कळायला हवं. वारलीत हे काम अंगाने होतं. दोन त्रिकोण कमरेत जिथे मिळतात तिथला कोन बदला: वरचा त्रिकोण पुढे झुकला की घाई किंवा भीती, मागे गेला की ऐट. डोक्याचं वर्तुळ मानेच्या रेषेवर नेमकं न ठेवता जरा पुढे ठेवलं की खाली मान घातलेली दिसते. गुडघा किती वाकला, दोघांमध्ये अंतर किती, हेही भावच. चार रागांची आणि चार आनंदाची माणसं काढून संपादकांना दाखवा, न सांगता ओळखायला लावा. बहुतेक वेळा तिथेच वाद मिटतो.

ओळख पटवणं जास्त अवघड आहे. एका पानावर चाळीस माणसं असतील तर नायिका कोणती? तिला एक खूण द्या आणि शेवटपर्यंत सोडू नका: डोक्यावर टोपली, नाहीतर कायम मागे येणारं कुत्रं. खूण आकाराची असावी, रंगाची नको, कारण रंग दोनच आहेत. तिच्याभोवती बोटभर मोकळी जागाही ठेवा. गर्दीत डोळा तिथेच थांबतो.

आता छपाई. पांढरी शाई वापरून पुस्तक छापत नाहीत. पांढरं म्हणजे कोरा कागद. गेरूचा रंग निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाया एकावर एक छापून येतो आणि तुमची रेषा म्हणजे त्या चारही शायांत सोडलेली फट. कागद यंत्रात केसभर सरकला की एका शाईची फट दुसरीवर बसत नाही. मग रेषेची एक कड लालसर होते आणि बारीक रेषा भरून जाते. यावर तीन गोष्टी करता येतात. छापल्यावर कुठलीही रेषा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नको. चित्र ए-थ्री कागदावर काढून ए-फोरवर छापणार असाल, तर सगळं ७१ टक्क्यांवर येतं, म्हणजे मूळ रेषा किमान ०.७ मिलिमीटर हवी. दुसरं, प्रकाशकाला विचारा की तपकिरी रंग चार शायांऐवजी एकाच तयार शाईत (छापखान्यात त्याला स्पेशल कलर म्हणतात) छापता येईल का. एकच शाई असली की सरकण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि दोनच रंगांच्या पुस्तकाला ते महागही पडत नाही. तिसरं, गडद रंगाने भरलेली पानं मॅपलिथोसारख्या कोटिंग नसलेल्या कागदावर उशिरा वाळतात आणि समोरच्या पानाला डाग देतात. वाळायला वेळ द्यायला किंवा वरून वॉर्निश मारायला आधीच सांगून ठेवा.

मूळ चित्रासाठी तांदळाच्या पिठाची पांढरी वापरत असाल तर त्यात डिंक जरा जास्त घाला. कागद स्कॅनरवर पालथा पडला की सुटलेले कण काचेवर राहतात आणि पुढच्या प्रत्येक चित्रात पांढरे ठिपके येतात. ॲक्रिलिक पांढरा वापरला तर हा त्रास नाही.

आणखी एक. लग्नात भिंतीवर काढतात तो लग्नचौक, त्यातली पालघट देवी आणि पंचशिऱ्या देव हे विधीतलं चित्रण आहे. सवाशिणी ते काढतात, धवलेरी (लग्न लावणारी बाई) गाते. संपादकांना पानाभोवती नक्षी हवी म्हणून चौक कापून किनार करू नका. काय बाहेर काढायचं आणि काय नाही हे तुमच्या घरातल्या बायकांना विचारून ठरवा आणि प्रकाशकाला तसं लेखी कळवा. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. त्याच्या अधिकृत वापरकर्त्यांत तुमचं नाव नोंदलेलं नसेल तर नोंदवून घ्या. आणि मुखपृष्ठावर ‘वारली शैलीतील चित्रं’ एवढंच न छापता तुमचं नाव छापलं जाईल असं बघा. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती नावानिशी काम केल्यामुळेच. ज्यांची नावं लिहिली गेली नाहीत असे हात शेकड्यांनी आहेत.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. तिला मुलांच्या पुस्तकांची चित्रकार व्हायचं आहे. आमच्या दोन्ही घराण्यांत कुणी कलाकार नाही. वारसा नसताना यात टिकाव लागतो का? शिक्षण कुठलं घ्यावं?

उत्तर : भारतीय बालसाहित्यातलं चित्रकारांचं सगळ्यात गाजलेलं घराणं बंगालचं, राय यांचं. ते सुरू कसं झालं ते पाहा. उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३–१९१५) यांनी मुलांसाठी काढलेल्या चित्रांचे लाकडी ठसे इतके वाईट उठले की चित्रांची रयाच गेली. त्यावर त्यांनी इंग्लंडहून छपाईची सामग्री मागवली, हाफटोन (छटा बारीक ठिपक्यांनी छापण्याच्या) पद्धतीचा अभ्यास केला, त्यावर विलायती मुद्रण-वार्षिकात लेख लिहिले आणि स्वतःचा छापखाना काढला. १९१३ साली त्यांनी ‘संदेश’ हे मुलांचं मासिक सुरू केलं. मुलगा सुकुमार छायाचित्रण आणि मुद्रण शिकायला इंग्लंडला गेला. सुकुमार सप्टेंबर १९२३ मध्ये वारले तेव्हा त्यांचा मुलगा सत्यजित अडीच वर्षांचाही नव्हता. वडिलांनी हाताला धरून त्याला काही शिकवलं असण्याचा प्रश्नच नाही. तो शांतिनिकेतनात नंदलाल बोस आणि बिनोदबिहारी मुखर्जी यांच्याकडे शिकला, १९४३ साली जाहिरात कंपनीत लागला, पुस्तकांची मुखपृष्ठं केली आणि बंद पडलेला ‘संदेश’ १९६१ साली पुन्हा काढून त्यात चित्रं काढू लागला. तीन पिढ्यांत सामाईक काय होतं? रक्तापेक्षा घरात असलेली पुस्तकं, आणि चित्र छापून कसं येतं याबद्दलची हट्टी उत्सुकता. यातलं दोन्ही तुमच्या घरात आणता येतं.

आता शिक्षण. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा तिने दिल्या नसतील, तर त्यांच्यासाठी वर्ष घालवायची गरज नाही, पण स्थिरचित्र आणि संकल्पचित्राचा तो सराव उपयोगी पडतो. बारावीनंतर चार वर्षांचा बी.एफ.ए. (ललित कलेची पदवी) आहे. त्यात उपयोजित कला हा विभाग पुस्तकाच्या कामाला सगळ्यात जवळचा, कारण तिथे अक्षर, मांडणी आणि छपाई शिकवतात. रेखा व रंगकला विभागात हात जास्त सुटतो, पण अक्षराशी गाठ पडत नाही. प्रवेशासाठी राज्याची सीईटी असते. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्प यांवर भर असतो. मुंबईचं सर जे. जे. आता अभिमत विद्यापीठ झालं आहे, तेव्हा तिथले नियम वेगळे पाहून घ्या. बारावी कुठल्याही शाखेतून केली तरी चालते. आमच्या मते कला शाखा घेऊन भाषा पक्की करणं जास्त फायद्याचं. ज्याला गोष्ट वाचता येत नाही त्याला ती चितारताही येत नाही.

प्रकाशक पदवी विचारत नाहीत. ते काम बघतात, तेही पाच मिनिटांत. १२ ते १५ चित्रं पुरेत. चाळीस नेली तर त्यांतली सर्वांत कच्ची लक्षात राहतात. त्यांत हे हवंच: एकच मूल सहा-सात वेगवेगळ्या स्थितींत, समोरून, पाठमोरं, धावताना, झोपलेलं, आणि तरी तेच वाटणारं. एका छोट्या गोष्टीची सलग तीन पानं. दोन कृष्णधवल चित्रं, कारण मासिकांत अजून ती लागतात. एक गर्दीचं दृश्य. देवदेवतांची किंवा नट्यांची पोर्ट्रेट्स काढून टाका. इथे त्यांचा काहीच उपयोग नाही.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे मूल म्हणून लहान आकाराचा मोठा माणूस काढणं. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसातपट असते. तीन वर्षांच्या मुलाची पाचपट, सात-आठ वर्षांच्या मुलाची सहापट. लहान मुलाचे डोळे डोक्याच्या मध्यरेषेच्या जरा खाली असतात, मान जवळजवळ दिसत नाही, पोट पुढे असतं आणि मनगटाला वळी असते. हे फोटोवरून शिकता येत नाही. शाळा सुटताना फाटकाबाहेर छोटी वही घेऊन उभं राहावं आणि प्रत्येक मुलाला अर्धं मिनिट द्यावं. त्यात चेहरे येणार नाहीत, न येवोत. दप्तराच्या ओझ्याने खांदा कसा कलतो तेवढं मिळालं तरी पुरे. रोज एक पान, वर्षभर. शिवाय घरात आहे ते कुठलंही चांगलं चित्रपुस्तक घेऊन त्याच्या प्रत्येक जोडीची काड्यापेटीएवढी नक्कल करायला सांगा. मांडणी कशी केली आहे ते असं हाताने उतरवल्याशिवाय दिसत नाही.

प्रश्न : कागद-रंग सोडून थेट टॅबलेटवर सुरुवात केली तर?

उत्तर : चालेल. फक्त फाइल पहिल्यापासून छापायच्या मापाची आणि ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवा, सोशल मीडियाच्या मापाची नको. नंतर मोठी केली की रेषा फाटते. आणि वाटेल तेवढं मोठं करून तपशील भरत बसू नका. छापील मापात तो दिसणारच नाही.

प्रश्न : प्रकाशकाने ईमेलवर ‘चित्रांचे सर्व हक्क आमचे’ असं लिहून एकरकमी मानधन दिलं आहे. करार झालेला नाही. शिवाय १९९८ साली वारलेल्या आजोबांची दोन जुनी चित्रंही त्यांना पुस्तकात हवी आहेत. ती तर परंपरेची, त्यांवर हक्क कोणाचा?

उत्तर : करार झाला नसेल तर काम पुढे नेण्याआधी करा, कारण या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. पण मोबदला देऊन कुणी चित्र काढून घेतलं असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक चित्र काढून घेणारा ठरतो. हा अपवाद लेखकाच्या मजकुराला त्याच तऱ्हेने लागू नाही, चित्राला आहे. म्हणून लेखकापेक्षा चित्रकाराला करार जास्त गरजेचा. त्यात पहिलं वाक्य असं हवं: चित्रांचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील आणि प्रकाशकाला पुढील वापराचा परवाना दिला आहे.

‘पुढील वापर’ म्हणजे काय ते मोजून लिहा. कुठलं पुस्तक, कुठली भाषा, छापील की ई-पुस्तकही, किती वर्षं, कुठल्या देशांत. हक्क हस्तांतरित केलेच आणि मुदत लिहिली नाही, तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही तर भारत. हस्तांतर लेखी आणि सहीचं असावं लागतं. इतर भाषांतल्या आवृत्त्या, दिनदर्शिका, खेळणी, ॲनिमेशन यांना स्वतंत्र मोबदला हवा. चित्रपुस्तकांचे अनुवाद फार होतात, कारण चित्रं तीच राहतात आणि फक्त मजकूर बदलतो. एकरकमी मानधन घेतलेल्या चित्रकाराला यातून काही मिळत नाही. निदान प्रत्येक पुनर्मुद्रणाला आणि प्रत्येक नव्या भाषेला ठरावीक रक्कम मिळेल असं लिहून घ्या. रॉयल्टी ठरत असेल तर लेखकाचा वाटा किती आणि तुमचा किती, आणि ती छापील किमतीवर की प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर, हे स्पष्ट करा. दुकानदाराचं कमिशन वजा केल्यावर आकडा बराच खाली येतो.

बाकीची कलमं थोडक्यात. नाव मुखपृष्ठावर, लेखकाच्या नावाबरोबर. मूळ चित्रं किती दिवसांत परत मिळणार. कच्च्या चित्रांत दोनदा दुरुस्ती विनामूल्य, त्यानंतर आणि पक्क्या चित्रात बदल हवा असल्यास वेगळे पैसे. मानधन तीन टप्प्यांत: सहीच्या वेळी, कच्ची चित्रं पसंत झाल्यावर, पक्की चित्रं दिल्यावर. ‘पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर’ असा टप्पा मान्य करू नका. प्रसिद्धी तुमच्या हातात नसते. हक्क दिले तरी कलम ५७ प्रमाणे कर्ता म्हणून नाव लावण्याचा आणि कृतीची विटंबना थांबवण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो.

आजोबांची चित्रं: परंपरेतलं रूप, जसं की मोराची ठरावीक नक्षी, कुणा एकाच्या मालकीचं नसतं. पण आजोबांनी स्वतः काढलेलं विशिष्ट चित्र त्यांचंच. हक्क मृत्यूनंतरच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं राहतो, म्हणजे तुमच्या बाबतीत २०५८ अखेरपर्यंत. मृत्युपत्र नसेल तर तो सगळ्या वारसांचा सामाईक. काका, आत्या, चुलतभावंडं, सगळ्यांची लेखी संमती घ्या. पुस्तक नावाजलं गेल्यावर विचारायला जाल तर नाती बिघडतील, आणि प्रकाशकही अडचणीत येईल.

प्रश्न : जलरंगातली मूळ चित्रं लखलखीत असतात, पुस्तकात मळकट येतात. दोष छापखान्याचा की आमचा?

उत्तर : बहुतेक वेळा दोघांचा थोडा थोडा, आणि बराचसा कुणाचाच नाही. झगझगीत गुलाबी, मोरपिशी, जांभळा आणि काही हिरवे हे रंग चार शायांच्या मिश्रणात बसतच नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर ते उजेडाने चमकतात, कागदावर शाईने तसे चमकू शकत नाहीत. मुख्य पात्राचा फ्रॉक असल्या रंगाचा ठरवला असेल तर २४ पानं निराशा होणार. तुमच्या पेटीतल्या प्रत्येक रंगाचा एक गडद आणि एक पातळ पट्टा काढा, प्रकाशकाकडून त्याच कागदावर छापून घ्या आणि तो तक्ता टेबलासमोर लावा. एवढं एकदा केलं की पुढची सगळी पुस्तकं सुधारतात.

कागद कुठला ते चित्र सुरू करण्याआधी विचारा. आर्ट पेपरवर शाई वर राहते, रंग उजळ येतो. मॅपलिथो शाई पितो, शाईचा ठिपका पसरतो आणि मधल्या छटा एक पायरी गडद होतात. मॅपलिथोसाठी चित्र जरा फिकट ठेवावं लागतं, विशेषतः चेहऱ्यावरची सावली. मात्र रंगाचा अगदी पातळ हात, म्हणजे तीन-चार टक्क्यांखालची छटा, छपाईत उडून जाते. ढगाची कड हवी असेल तर ती दिसेल एवढी ठळक काढा.

काढायचा कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, असेल तर लाटा कमी येतात. लाटा आल्या तर स्कॅनरमध्ये त्यांची राखाडी सावली पडते आणि तोच तुमचा ‘मळ’. चित्र पूर्ण वाळल्यावर मागून अगदी किंचित ओलं करून, दोन स्वच्छ कागदांत घालून रात्रभर वजनाखाली ठेवा. स्कॅन करताना यंत्राची ‘ऑटो’ सुधारणा बंद करा. ती प्रत्येक पानाला वेगळी लागते आणि तीच मुलगी एका पानावर सावळी, दुसऱ्यावर गोरी येते. छापायच्या मापाला ३०० डीपीआय, चित्र मोठं करायचं असेल तर ६००, फाइल टिफ. कोरी जागा खरोखर कोरी करून घ्या, नाहीतर कागदाचा पोत फिकट राखाडी धुरळा म्हणून छापतो.

माप घेताना कापणीचा विचार करा. पान २१० बाय २१० मिलिमीटर असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्त रंगवा: एकट्या पानाला २१६ बाय २१६, जोडीला ४२६ बाय २१६. कडेपासून आत १० मिलिमीटरमध्ये महत्त्वाचं काही नको. अक्षरं चित्रात रंगवू नका. मजकूर वेगळ्या थरावर आणि फक्त काळ्या शाईत ठेवला की दुसऱ्या भाषेसाठी एकच प्लेट (एका शाईचा छपाईचा पत्रा) बदलावी लागते. चित्रात गुंफलेलं एक ‘धप्पकन’ हिंदी आवृत्तीत अख्ख्या पानाचा खर्च वाढवतं.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, पिवळ्या दिव्याखाली बघू नका, सकाळच्या उजेडात खिडकीशी बघा, आणि ज्या कागदावर पुस्तक होणार त्यावरचंच मागा. ‘आणखी छान करा’ असा शेरा छापखान्याला उपयोगाचा नसतो. जागेवर बाण काढून ‘गालावर लाल कमी’ असं लिहा. या दुरुस्त्या प्लेट होण्याआधी, फाइलमध्येच व्हायला हव्यात. यंत्र सुरू झाल्यावर शाई एकेका चित्राला वेगळी देता येत नाही. मोठ्या कागदावर आठ पानं एकत्र छापली जात असतात आणि शाईचं प्रमाण उभ्या पट्ट्यांत ठरतं. एका पानावरच्या गालाचा लाल कमी करायला सांगितला की त्याच पट्ट्यात वर किंवा खाली असलेल्या पानावरचं जास्वंदही फिकं होतं. म्हणून यंत्रावर जाणार असाल तर कुठलं पान कुठल्या पानाच्या रांगेत येतं ते आधी विचारून ठेवा आणि त्या दोन्ही पानांचं प्रूफ सोबत न्या.